सेमाडोहच्या गाइडभाऊंना, गाडी बंद करायला लावल्याबद्दल

भाऊ, नमस्कार.

तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. जानेवारीतली सकाळ, मेळघाटातल्या सेमाडोहहून निघालेली जिप्सी, मागच्या सीटवर जाड चष्म्याची म्हातारी, म्हणजे माझी आई, आणि पुढच्या दांड्यावर चार घड्या घातलेला तुमचा दुपट्टा. एवढ्यावर तुम्ही ओळखाल.

आभार वाघाचे नाहीत. तो दिसलाच नाही, आणि तुम्ही तसं निघतानाच सांगितलं होतं: "कुलामामाच्या मनात असल तर भेटल." (कुलामामा म्हणजे वाघ.) आभार त्या दुपट्ट्याचे आहेत.

याआधी एका दुसऱ्या जंगलात (नाव सोडा, जिप्सींची रांग लागते तिथे) आईच्या गळ्यातली दुर्बीण गाइडनंच काढून घेतली होती. "आजी, तुम्हाला नाही दिसणार, पोरांना बघू द्या." पुढचे तीन तास वायरलेसवरच्या बातमीमागे गाडी नुसती उधळत होती. धूळ, ब्रेक, पुन्हा धूळ. शेवटी वीस जिप्सींच्या पलीकडे एक शेपूट, आणि लगेच बक्षिसीसाठी हात पुढे. तेव्हापासून आई म्हणायची, जंगल आता तुम्ही बघा, मी डबा सांभाळते.

तुम्ही मात्र आधी ड्रायव्हरला म्हणालात, "बंद करा जी गाडी." मग दुपट्टा दांड्यावर ठेवला, दुर्बीण त्यावर टेकवली आणि आईच्या मागे उभे राहिलात. चष्मा आहे म्हणून डोळ्यांकडचे रबरी कप आत दाबले. "माय, उजवा डोळा मिटा," म्हणत मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्यासाठी फांदी स्पष्ट केली. मग डावा मिटायला लावून उजव्या भिंगाजवळची रिंग केसभर फिरवली, मधल्या चाकाला हात न लावता. आमची आठ बाय बेचाळीसची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, दुर्बीण घरात सहा वर्षं पडून आहे, आणि ती रिंग कशासाठी असते हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं! दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असले की या रिंगशिवाय चित्र कधी जुळतच नाही. माणूस मग "मला नाही दिसत" म्हणून दुर्बीण परत देतो आणि आपण त्याच्या वयाला दोष देतो. गाडी का बंद करायची तेही तेव्हाच कळलं. आठपट दिसतं तसा हादराही आठपट दिसतो. चालू इंजिनच्या जिप्सीवर टेकवलेल्या दुर्बिणीत फांदी नाचतच राहते.

आणि त्या फांदीवर होता रानपिंगळा.

तुम्ही पक्षी निवडला तोही आईसाठीच, हे उशिरा लक्षात आलं. हा पिंगळ्यांतला, म्हणजे छोट्या घुबडांतला, दिवसा वावरणारा. थंडीत सकाळी सागाच्या निष्पर्ण शेंड्यावर उन्हाला येऊन बसतो आणि बराच वेळ हलत नाही. कमी दिसणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगला पक्षी कुठला! गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपकेच ठिपके असतात. याचं कपाळ जवळजवळ कोरं, डोकं थोराड, छाती गडद तपकिरी आणि खाली पोट एकदम पांढरं, पायांत पांढऱ्या पिसांची जाड विजार, शेपटीवर रुंद पट्टे. १८८४ नंतर हा कोणाला सापडलाच नव्हता. संपला असंच धरून चालले होते. १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ पुन्हा दिसला, आणि नंतर मेळघाटातही मिळाला. यातलं तुम्ही काहीही भाषण करून सांगितलं नाहीत. "माय, शेपटी पाहा," एवढंच. त्यानं शेपूट या बाजूला झटकली, मग त्या बाजूला. आई म्हणाली, "हललं."

तुम्ही मागेच उभे होतात. घाई नाही, घड्याळाकडे नजर नाही.

बाकी जे शिकवलंत तेही लिहून ठेवतो, परतवाडा-घटांग-सेमाडोह-हरिसाल-धारणी या रस्त्यानं स्वतःच्या गाडीनं जाणाऱ्या घरांना उपयोगी पडेल.

जनावर शोधायचं नाही, आडवी रेघ शोधायची. सागवनात आणि बांबूत सगळ्या रेघा उभ्या. त्यात आडवं काही दिसलं तर ती पाठ असते किंवा पडलेलं लाकूड. लाकडाला कान नसतात, म्हणून दहा सेकंद थांबायचं. कान किंवा शेपटी माशीसाठी तरी हलतेच. नजर उजवीकडून डावीकडे न्यायची. आपण वाचतो त्या दिशेनं नेली की डोळा ओळ वाचल्यासारखा भराभर घसरतो, उलट नेली की अडखळत जातो. आणि काही दिसलं की नजर न काढता दुर्बीण डोळ्यांकडे आणायची. खाली बघून दुर्बीण शोधली की जागा हरवली म्हणून समजा. दुसऱ्याला दाखवताना "तिथे, तिथे" करायचं नाही. गाडीचं नाक म्हणजे बारा, उजवा हात म्हणजे तीन. "दोन वाजता, पांढऱ्या खोडाच्या डावीकडे."

इंजिन बंद केल्यावर पहिली पाच मिनिटं काही ऐकू येत नाही, कारण बॉनेट थंड होताना टिकटिकत असतं. तेवढ्यात लोक कंटाळून पुन्हा चावी फिरवतात. खरं ऐकणं सहाव्या मिनिटाला सुरू होतं. एसीचा पंखाही बंद हवा आणि दोन्ही बाजूंच्या काचा खाली. एकाच बाजूची काच उघडी असली की प्रत्येक आवाज त्याच बाजूनं आल्यासारखा वाटतो. आणि चिप्सचं पाकीट! हॉर्नपेक्षा वाईट. खाऊ घरूनच डब्यात भरून आणावा.

ताडोब्यात चितळाच्या कॉलवर, म्हणजे धोक्याच्या ओरडण्यावर, कान ठेवायची सवय लागलेली असते. मेळघाटच्या डोंगराळ भागात चितळ तसं कमी, ऐकायचं ते सांबराचं आणि भेकराचं. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, पण ते कशालाही भुंकतं, आपल्या गाडीलासुद्धा. सांबर उगाच ओरडत नाही. एकदा "पोंक" केलं तर काहीतरी खटकलंय. शेपटी उभी, पाय आपटतंय आणि थांबून थांबून "पोंक" चालूच, तर त्याला शिकारी प्रत्यक्ष दिसतोय. वानर ओरडलं तर टेहळणीवरच्या हुप्प्याचं तोंड कुठे आहे ते बघायचं. बाकीची टोळी पाला खात बसली असेल तर सोडून द्यायचं. कॉल थांबला म्हणजे वाघ गेला, असंही नाही. तो नुसता खाली बसला असेल. म्हणून कॉल थांबल्यावर अजून पंधरा मिनिटं.

गव्याचं तर तुम्ही उतरताना दोनदा बजावलंत, आणि हरिसालच्या अलीकडे संध्याकाळी तेच कामी आलं. रस्त्यात गवा असला तर पन्नास मीटर मागे, वळण टाळून थांबायचं. हॉर्न नाही, अप्पर-डिपर नाही, काचेतून हात बाहेर नाही. पांढरे मोजे घातल्यासारखे पाय आधी दिसतात, वरचं काळं धूड अंधारात मिसळून जातं. एक ओलांडून गेला म्हणून गिअर टाकायचा नाही, मागून माद्या आणि वासरं येतात. तो आडवा उभा राहून पूर्ण अंग दाखवत असेल तर आकार मोजून घे म्हणतोय. डोकं खाली घालून फुस्स केलं की सावकाश रिव्हर्स. नर हजार किलोपर्यंत भरतो, आपली छोटी मोटारही साधारण तेवढीच, आणि तिला शिंगं नाहीत. मोहफुलांच्या दिवसांत, मार्च-एप्रिलला, पहाटे रस्त्याकडेच्या मोहाखाली लघुशंकेलाही उतरू नका, असं म्हणालात. अस्वलाला कमी दिसतं, ते फुलं वेचण्यात गुंग असतं, आणि जवळून दचकलं की पळत नाही, अंगावर येतं.

माकडांना केळी देणाऱ्या त्या पुढच्या गाडीवाल्यांना तुम्ही ओरडला नाहीत, नुसतं जवळ जाऊन हळू आवाजात बोललात. काय बोललात ते ऐकू आलं नाही, पण केळी परत पिशवीत गेली. घाटातल्या वळणावर हातातून खाणारं माकड उद्या चाकाखाली येतं, हे आम्हाला माहीत होतं. पण काच खाली करून सांगायला आम्ही काही गेलो नव्हतो. अशी माणसं प्रत्येक नाक्यावर एकेक असती तर जंगलात निम्मे फलक कमी लावावे लागले असते.

आणखी एक. आईनं घरी आल्यावर उजव्या भिंगाच्या रिंगवर लाल नेलपेंटचा ठिपका दिलाय, तुम्ही जिथे आणून सोडली होती बरोबर त्या खुणेवर. नातवंडं दुर्बीण घेऊन गच्चीवर जातात, रिंग वाट्टेल तशी फिरवतात. खाली आले की ती ठिपका जागेवर आणते आणि मगच पिशवीत ठेवते.