सकाळची बोटफेरी दुपारी दोनला नेल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक विभाग

विषय: देवबाग ते निवती बोटफेरी, दोघांचं पॅकेज, १८ फेब्रुवारी. पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

आज तुमच्या ऑफिसला पाचवा फोन करून झाला, आणि तो ठेवल्या ठेवल्या हे लिहायला बसले. पॅकेज तुमचंच आहे, त्यात काय येतं ते मी सांगायला नको.

फेरी सकाळी आठची होती. पावतीवर आठच छापलंय. जळगावहून मंगला एक्सप्रेसने रत्नागिरी, तिथून गाडीने मालवण असं करत आम्ही आदल्या दिवशी पोचलो. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, एक अख्खा दिवस समुद्रावर दोघांनीच काढायचा, एवढीच हौस होती. साडेसातला आम्ही धक्क्यावर हजर. पाणी अगदी संथ. तिथे कळलं की बोट मोठ्या ग्रुपला दिली, तुम्ही दोनला या.

दोनला! सकाळी जमिनीकडून मतलई वारा वाहतो आणि दुपारी जमीन तापली की समुद्राकडून खारा वारा चढतो, हे देवबागचं शेंबडं पोरही सांगेल. तुमच्या तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, आमच्यासमोर ऑफिसला फोन लावला, "वारा वाढलाय, यांना उद्या सकाळी नेतो." उत्तर मिळालं, आजच उरकून टाक. त्या माणसाबद्दल आमची काहीही तक्रार नाही. आम्ही सुखरूप परत आलो ते त्याच्यामुळे.

जाताना वायव्येचा वारा पाठीशी होता, भोगव्याचा किनारा मागे पडेपर्यंत फारसं जाणवलं नाही. निवतीच्या अलीकडे तांडेलाने बोट माघारी वळवली आणि लाटा समोरून अंगावर यायला लागल्या. बोटीचं तोंड वर उचललं जायचं आणि धाडकन खाली आदळायचं. ह्यांना कमरेचा त्रास आहे, प्रत्येक आदळण्याला ते डोळे मिटून घेत होते. कर्ली नदीच्या मुखाशी लाटा वाळूच्या दांड्यावर फुटत होत्या. माझ्या लाइफ जॅकेटचं मधलं बक्कल तुटलेलं, त्या जागी निळी नायलॉनची दोरी. भिजून तिची गाठ इतकी आवळली की उतरल्यावर सुटेना, तांडेलाने सुरीने कापली. तो तुकडा मी जपून ठेवलाय.

आता आजचा फोन. तुमचा माणूस म्हणाला, "मॅडम, हवामान आमच्या हातात नसतं." मी विचारलं, वेळ तर तुमच्या हातात होती ना? त्यावर तो हसला. हो, हसला. म्हणाला, "जळगावचे ना तुम्ही? तिकडच्या लोकांना पाण्याची सवय नसते, जरा हललं की घाबरतात." आणि वर, "साहेबांना द्या फोन, मी त्यांना समजावतो." बुकिंग माझ्या नावावर, पैसे माझ्या खात्यातून, बोलतेय मी, आणि समजावणार साहेबांना?

माझं माहेर चांगदेवचं. तापी-पूर्णेच्या संगमावर लहानाची मोठी झाले. वडील होडी चालवायचे. नदी फुगली की कोणी दुप्पट पैसे देऊ केले तरी होडी काढत नसत. लोक चिडायचे, ते काठावर बसून राहायचे. पाण्याची सवय म्हणजे काय ते मला त्या माणसाने शिकवू नये. तुमच्या तांडेलाला ते कळत होतं, तुमच्या ऑफिसला कळलं नाही.

पुन्हा सांगते, फेरी सकाळी आठची होती. वाऱ्यावर ढकलू नका.

पॅकेजचे ₹११,४०० पंधरा दिवसांत परत करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहते त्या जिल्ह्यात, म्हणजे जळगावच्या ग्राहक आयोगात, दावा करता येतो आणि पाच लाखांपर्यंत शुल्कही लागत नाही. पावती, कॉलच्या नोंदी आणि ती दोरी घेऊन मी जाणार आहे.

नणंदेने तुमचं फार कौतुक केलं होतं, म्हणून विश्वासाने आलो. माझ्या भिशीतल्या बारा जणींना मीच तुमचं नाव सुचवलं होतं. काल एकेकीला फोन करून नको म्हणून सांगितलं, तेव्हा खरंच वाईट वाटलं.

उत्तर माझ्या नावाने पाठवा, साहेबांच्या नाही.

तुमची ग्राहक,
जळगाव