आजीला नळी नको

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सगळ्यांसमोर बोलायचं नव्हतं, म्हणून लिहितेय. बाबा, आजीला नाकातून नळी घालू नका.

काकांना वाटतं, आपण तिला उपाशी ठेवतोय. पण डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यात मेंदू गिळायचंच विसरतो. घास तोंडात राहतो, ठसका लागतो, अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. नळीने तो टळत नाही, आयुष्यही वाढत नाही. वर ती उपसू नये म्हणून बरेचदा हात बांधतात. आजीचे हात बांधलेले मला बघवणार नाहीत. खात नाही म्हणून ती चाललेली नाही, बाबा; ती चाललीये म्हणून तिला खावंसं वाटत नाही.

आई, तू तिला टेकवून बसवतेस, चमचा-चमचा पेज भरवतेस, तेच बरोबर आहे. तिने तोंड मिटलं की थांब. तोंड कोरडं पडू देऊ नकोस: ओल्या कापसाने जीभ-हिरड्या पुसायच्या, ओठांना तूप लावायचं. दर दोन तासांनी कूस बदलायची, माकडहाडावर आणि टाचांवर पडून राहिल्याने जखम होत नाही ना, ते बघायचं. दुखतंय हे ती सांगणार नाही. कपाळाच्या आठ्या, आवळलेल्या मुठी, कूस बदलताना कण्हणं, यावरून ओळखायचं आणि डॉक्टरांना लगेच कळवायचं. त्यांनी मॉर्फिन सुचवलं तर घाबरू नका. योग्य मात्रेत दिलं तर दुखणं आणि धाप दोन्ही कमी होतात.

ती तुला अक्का म्हणते ना, म्हणू दे. अक्का होऊनच ओ दे.

आणि बाबा, ती ओळखत नाही म्हणून तुम्ही हल्ली तिच्या खोलीत जात नाही, असं आई म्हणाली. जा हो. तुमचं नाव तिला आठवत नसेल, पण आवाज आणि स्पर्श अजून पोचतो. तळव्यांना कोमट तेल लावा, वाईच्या घाटावर ती तुम्हाला कशी अंघोळ घालायची ते सांगा. उत्तर येणार नाही, तरी बोला.

शेवटी श्वास मध्येच थांबेल, घशात घरघर होईल. आपल्याला ते ऐकवत नाही. तिला मात्र बहुधा त्याचा त्रास होत नसतो. कुशीवर वळवा, जवळ बसा. आयसीयूत नेण्याची घाई नको. डॉक्टरांशी हे आत्ताच बोलून ठेवा.

मी शनिवारी येतेय. तोवर रात्रीसाठी बाई ठेवा, पैशांचं मी बघते. आई, यावर वाद घालू नकोस, तुझे गुडघे मला माहीत आहेत. बाबा, बीपीची गोळी चुकवू नका.

तुमची लेक