औषधवाल्याच्या नावाचा पक्षी

सान होसे, कोस्टा रिका

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

शनिवारी आम्ही सान हेरार्दो दे दोताला जाऊन आलो. तालामांका डोंगरातलं गाव, दोन हजार मीटरच्या वर. आपल्या आंबोलीचं धुकं पावसाळ्यापुरतं, इथे बाराही महिने ढग रानात शिरतात. ओकच्या खोडांवर जाड शेवाळ, खाली बारीक बांबूची जाळी. लोक येतात ते केत्झाल पक्ष्याची लांब शेपटी बघायला. मीही पाहिली, देखणा आहेच. पण तुम्हाला सांगायचंय ते दुसऱ्याबद्दल, कारण त्याला तुमच्याच धंद्यातल्या माणसाचं नाव आहे.

होसे कास्तुलो सेलेदोन. पोरवयात इथे सान होसेत फ्रान्त्सियस नावाच्या जर्मन डॉक्टरच्या औषधांच्या दुकानात कामाला होता. डॉक्टरला पक्ष्यांचा नाद, तो यालाही लागला. पुढे वॉशिंग्टनला स्मिथसोनियन या संग्रहालयात जाऊन शिकला, परत येऊन औषधांचाच धंदा केला, पक्ष्यांचा नाद काही सुटला नाही. तिकडचा त्याचा मित्र, पक्षीतज्ज्ञ रॉबर्ट रिजवे, त्याने १८८९ मध्ये या पक्ष्याचं नाव ठेवलं सेलेदोनिया.

लांबीला चिमणीहून कमी. शेपूट नावापुरतं, पाय मात्र लांब. उडायचा कंटाळाच, बांबूच्या बुडातून तुरुतुरु पळतो. त्याची बारीक शीळ अगदी पायाशी वाजत राहते आणि दिसत काही नाही! वाटाड्याने आम्हाला गप्प उभं केलं. बऱ्याच वेळाने स्वारी एका कुजक्या ओंडक्यावर आली, पंख झटकले, मान खाली घातली, तेव्हा डोक्यावरचा केशरी पट्टा दिसला, दोन्ही बाजूंनी काळी कड. बाकी अंग मातकट-राखाडी. फोटो कसला मिळतोय!

शास्त्रज्ञांनाही याने चांगलंच फिरवलं. आधी थ्रश नावाच्या पक्ष्यांत धरला, मग वॉर्बलर नावाच्या पक्ष्यांत. आता डीएनए तपासून वेगळं कुळ दिलंय आणि त्या कुळात हा एकटाच. कोस्टा रिका आणि पनामाचा पश्चिमेकडचा डोंगर सोडला तर कुठेही नाही.

दुकानात नवा पोरगा टिकला का? नसेल तर रात्री उशिरापर्यंत एकटे बसू नका, आठला शटर ओढा. आईला सांगा, आमसुलं संपत आलीत. मामा डिसेंबरला येणार असेल तर त्याच्याकडे द्या, आणि तिखट घरचंच द्या.

आपला,
राजू