चिन्ह राखीव, रंग मोकळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पक्षांच्या रंगांवरचे आपल्या रविवार पुरवणीतले टिपण वाचले. भगवा याचा, निळा त्याचा, लाल तिसऱ्याचा, ही वाटणी जणू पहिल्यापासूनच ठरलेली होती असे त्यावरून वाटते. मी पेणचा पेंटर. फ्लेक्स येण्याआधी आमच्या भागात जवळजवळ सगळ्याच पक्षांच्या भिंती रंगवल्या, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे लाल म्हणजे शेकाप, शेतकरी कामगार पक्ष. उमेदवार तंगीत असला की गेरूत सरस घालून भागवायचे, हात सैल असला की पीओ रेडचा, म्हणजे टपालपेटीच्या लाल रंगाचा, डबा उघडायचा. पण शेकाप निघाला 1947 साली आणि लाल बावटा त्याच्या आधीपासून फडकत होता. 1928 च्या संपापासून मुंबईतल्या गिरणी कामगार युनियनला लोक ‘लाल बावटा’ याच नावाने ओळखू लागले आणि गिरणीत आमच्या कोकणातली माणसे भरपूर होती. तरुण वाचकांना आश्चर्य वाटेल, पण 1936 साली डॉ. आंबेडकरांनी काढलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाचा झेंडाही लालच होता. अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी खोत-सावकारांविरुद्ध 1933 पासून सहा वर्षे जमिनी पडीक ठेवून संप केला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी आणि बाबासाहेब त्यांच्या पाठीशी. निळा झेंडा आला तो 1942 मध्ये, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनबरोबर. पुढे 1957 मध्ये झालेल्या रिपब्लिकन पक्षाने तो निळाच ठेवला.

त्या निळ्याबद्दल लोक किती काटेकोर असतात ते मी पाहिले आहे. एका शाखेचा बोर्ड करायचा होता आणि दुकानात तयार फिरोजीच मिळत होता. तिथल्या म्हाताऱ्या कार्यकर्त्याने डब्याचे झाकण काढून आत पाहिले आणि डबा माझ्याकडे सरकवला. ‘हा नको. झेंड्याचा आण.’ त्यांनी घरातून झेंडा आणला, खांद्यावर टाकला आणि शेड जुळेपर्यंत माझ्याशेजारी उभे राहिले. मजुरी मात्र ठरल्यापेक्षा जास्त दिली, हेही सांगायला हवे.

भगव्याची गोष्ट आणखी गमतीची. 1931 साली काँग्रेसने झेंड्यासाठी समिती नेमली. तिच्यात पटेल, नेहरू, मौलाना आझाद होते. या समितीने शिफारस केली ती एकरंगी केशरी झेंड्याची, कोपऱ्यात चरखा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईला अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक झाली आणि तिथे तिरंगा पसंत पडला. नाहीतर आज कोणाच्या गळ्यात कसले उपरणे दिसले असते कोण जाणे! उलट 1980 मध्ये निघालेल्या भाजपच्या झेंड्यात काठीकडे हिरवी पट्टी आहे. ती विसरलास का म्हणून कुणी मला हटकल्याचे आठवत नाही. मनसेने 2006 मध्ये भगवा, निळा, हिरवा असे सगळ्यांना बरोबर घेणारे रंग लावले होते. 23 जानेवारी 2020 ला सगळा झेंडा भगवा करून त्यावर राजमुद्रा आणली.

रंगासाठी निवडणूक आयोगाकडे कुणाला जाता येत नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला, मशाल ठाकऱ्यांकडे राहिली, आणि भगवा दोघांकडेही राहिला. राष्ट्रवादीचे घड्याळ अजित पवारांकडे गेले. मग 2024 च्या ऑगस्टमध्ये त्यांची जनसन्मान यात्रा निघाली ती जाकिटापासून बसपर्यंत गुलाबी. लाडक्या बहिणींना आवडेल असा रंग प्रचाराच्या सल्लागारांनी बसून ठरवला. मला यात वावगे वाटत नाही, फक्त चरीच्या शेतकऱ्यांना कुणी सल्लागार नव्हता.

अमेरिकेत तर हे काम टीव्हीवाल्यांनी केले. रिपब्लिकन लाल, डेमोक्रॅट निळे हे 2000 सालापर्यंत पक्के नव्हते. 1980 मध्ये रिपब्लिकन पक्षाचे रेगन जिंकले तेव्हा एनबीसी वाहिनीच्या नकाशावर त्यांची राज्ये निळी होती. 2000 मध्ये फ्लोरिडाची मोजणी पाच आठवडे रेंगाळली, लोक रोज तेच लाल-निळे नकाशे पाहत राहिले आणि ते रंग चिकटले. जगभर डाव्यांचा असलेला लाल तिथे उजव्या पक्षाकडे गेला तो असा.

म्हणून आपल्याला एक विनंती. निकालाच्या दिवशी नकाशा छापताना दोन शिवसेनांना भगव्याच्याच दोन छटा देऊ नयेत. छपाईत त्या एक होतात आणि भिंगाशिवाय मतदारसंघ ओळखू येत नाही. एकीला भगवा ठेवा, दुसरीला आडव्या रेघा मारा. आम्ही गेरूवर चुन्याने तसेच करत होतो.

– एक वाचक, पेण, जि. रायगड