अणुवीज प्रकल्प बंद झाला म्हणून त्याच्यावरची नजर काढू नका

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. जगात कुठंही अणुवीज प्रकल्प बंद झाला की दोन दिवस बातम्या असतात. जर्मनीने १५ एप्रिल २०२३ ला शेवटचे तीन रिअॅक्टर म्हणजे अणुभट्ट्या बंद केल्या तेव्हाही तसंच झालं, काही लोक खुश, काही लोक नाराज, भरपूर वाद, आणि मग एकदम शांतता. जणू स्विच ऑफ केला आणि विषय संपला. मला याच शांततेबद्दल लिहायचंय, कारण मी साइटवर जड माल उचलण्याची, उतरवण्याची कामं करण्यात आयुष्य घालवलंय आणि माझा अनुभव असा की कुठलीही मोठी मशिनरी चालवताना जितका धोका असतो त्यापेक्षा वेगळ्या प्रकारचा आणि बऱ्याचदा कुणाच्या लक्षातच न आलेला धोका ती खोलताना असतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. बंद प्रकल्प म्हणजे टाइमबॉम्ब वगैरे जे मेसेज फिरतात त्यात तथ्य नाही. रिअॅक्टरमधलं इंधन बाहेर काढलं की तिथे साखळी अभिक्रिया, म्हणजे अणू एकामागून एक फुटत जाणं, सुरू व्हायचा प्रश्नच उरत नाही, तो मोठा धोका खरोखर जातो. पण इंधन जात नाही ना कुठे! ते शेजारच्या पाण्याच्या टाकीत जातं. ३००० मेगावॅट उष्णता देणारा रिअॅक्टर बंद केला तरी त्या क्षणी इंधनातून साधारण २०० मेगावॅट उष्णता निघतच असते, एका दिवसाने ती १५ मेगावॅटच्या आसपास येते आणि मग हळूहळू उतरत जाते. म्हणून ते इंधन काही वर्षं, बहुतेक ठिकाणी पाचेक वर्षं, पाण्यात ठेवावं लागतं आणि मग स्टीलच्या डब्यात सील करून काँक्रीटच्या कवचात ठेवतात. तोपर्यंत पंप चालू हवेत, पाण्याची लेव्हल बघायला माणूस हवा, वीज गेली तर जनरेटर हवा. म्हणजे प्रकल्प एक युनिटही वीज विकत नाही पण खर्च चालूच, आणि माणसं कमी करायचं प्रेशर नेमकं इथेच सुरू होतं.

यासाठीच नियामक, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणारी सरकारी संस्था लागते. अमेरिकेतली पद्धत मी जरा बारकाईने वाचलीय म्हणून तीच सांगतो. कायमचं बंद करायचं ठरल्यावर कंपनीने ३० दिवसात तिथल्या न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशनला लेखी कळवायचं, रिअॅक्टरमधून इंधन काढल्याचं वेगळं लिहून द्यायचं आणि ही दोन्ही पत्रं दाखल झाली की कमिशनने खास सूट दिल्याशिवाय त्या लायसन्सवर रिअॅक्टरमध्ये परत इंधन भरता येत नाही. दोन वर्षांच्या आत पुढच्या कामाचा आराखडा द्यायचा, त्यावर प्रकल्पाजवळ लोकांसमोर मीटिंग होते. तोडायचं आणि जागा साफ करायचं सगळं काम ६० वर्षांत संपवायचं. शेवटी जमीन मोकळी सोडताना तिथे राहणाऱ्या माणसाला त्या जागेतल्या उरलेल्या किरणोत्सर्गामुळे वर्षाला २५ मिलीरेमपेक्षा (मिलीरेम हे किरणोत्सर्गाचा डोस मोजायचं माप) जास्त डोस मिळू नये हा निकष, आणि त्याहून कमी करता येत असेल तर कमी करायचा. कागदावर छान आहे, आणि मी म्हणेन बऱ्यापैकी पाळलंही जातं. मेन यांकी नावाचा प्रकल्प १९९७ मध्ये बंद करायचा निर्णय झाला आणि २००५ पर्यंत तिथली जागा रिकामी झाली. फक्त वापरलेलं इंधन तेवढं तिथेच आहे, कारण ते न्यायला अमेरिकेत कायमची जागाच तयार नाही, त्यामुळे आजही तिथे पहारा आहे.

पण नियम असले म्हणजे झालं असं नसतं हो. कॅलिफोर्नियातल्या सॅन ओनोफ्रेचं उदाहरण घ्या. प्रकल्प २०१३ मध्ये कायमचा बंद झाला. ३ ऑगस्ट २०१८ ला वापरलेल्या इंधनाचा जवळपास पन्नास टनी डबा जमिनीतल्या खोबणीत उतरवत होते, तो आतल्या रिंगच्या काठावर अडकला. खाली अजून अठराएक फूट पोकळी. वरच्या लोकांना वाटलं डबा तळाला टेकला, स्लिंग म्हणजे लोड धरणारे पट्टे ढिले पडले आणि पाऊण तासाच्या आसपास तो डबा नुसता त्या काठावर टेकून राहिला, सरकला असता तर धरायला काहीच नाही. ज्याने कधी लोड उतरवलाय त्याला हे वाचून घाम फुटेल, कारण ढिली स्लिंग म्हणजे लोड बसला असंच हात आणि डोळे सांगतात, पण लोड बसलाय की अटकलाय हे ढिल्या स्लिंगवरून कधीच कळत नाही, त्यासाठी खाली बघायची सोय लागते, किती उतरलाय त्याची खूण लागते. तिथे ते लक्षात आलं रेडिएशन मोजणाऱ्यामुळे, डबा पूर्ण खाली गेला असता तर जेवढं रीडिंग यायला हवं त्यापेक्षा जास्त येत होतं. मग डबा परत उचलून नीट बसवला, इजा कुणाला झाली नाही.

आता पुढचं बघा. ही गोष्ट लोकांना कळली ती काही दिवसांनी, स्थानिक मीटिंगमध्ये तिथल्याच एका कामगाराने उभं राहून सांगितली तेव्हा. नियामकालाही नियमाप्रमाणे वेळेत औपचारिक खबर दिली नव्हती. चौकशी झाली, काम जवळपास वर्षभर थांबलं आणि २०१९ मध्ये १,१६,००० डॉलरचा दंड लागला. दंडाचा आकडा मला महत्त्वाचा वाटत नाही, काम थांबलं हे महत्त्वाचं. नियामकाकडे काम थांबवायची ताकद असली आणि ती त्याने वापरली तरच कंत्राटदार ऐकतो, बाकी सगळ्या सूचना फाइलला लागतात.

दुसरा मुद्दा लगेच तोडायचं की थांबायचं. काही कंपन्या प्रकल्प कुलूप लावून काही दशकं ठेवतात, कारण कोबाल्ट ६० सारखा किरणोत्सर्गी पदार्थ पाचएक वर्षांत निम्मा होतो, ५० वर्षं थांबलं तर त्यातला साधारण सातशेवा भाग उरतो आणि कामगारांचा डोस वाचतो. हा मुद्दा खोटा नाही. पण ५० वर्षांनी तिथे काम केलेलं कोण उरणार? कुठला पाइप कुठल्या भिंतीत गेलाय, कुठला व्हॉल्व्ह कधी गळला होता, ड्रॉइंगमध्ये एक आणि प्रत्यक्षात वेगळंच काय आहे, हे जुन्या फिटरला माहीत असतं. गळती, सांडलवंड यांची नोंद लायसन्स संपेपर्यंत जपून ठेवायची सक्ती अमेरिकेच्या नियमात आहे ती याचसाठी, कारण न नोंदलेली गळती पुढे माती खणताना सापडते आणि बजेट कोलमडतं. माझं मत विचाराल तर ओळखीची माणसं जागेवर आहेत तोवरच काम सुरू करावं. रिअॅक्टरच्या पोटातले सर्वात जास्त किरणोत्सर्गी भाग तसेही पाण्याखाली ठेवून लांबून चालणाऱ्या हत्यारांनीच कापतात, पाणी किरण अडवतं, माणूस जवळ जातच नाही. तो कापलेला बारीक चुरा पाण्यात मिसळतो, फिल्टरमध्ये जमतो आणि मग ते फिल्टरच किरणोत्सर्गी कचरा होऊन बसतात, त्याचाही हिशोब आधीच धरावा लागतो.

आणि पैसा. जर्मनीने २०१७ मध्ये कंपन्यांकडून सुमारे २४ अब्ज युरो सरकारी फंडात घेतले, कचरा साठवायचा आणि पुरायचा खर्च त्यातून, तोडकामाचा खर्च कंपन्यांवरच. हे मला पटतं कारण पैसा आधी हातात आला. अमेरिकेत आता काही प्रकल्प तोडकामासाठी साठवलेल्या फंडासकट दुसऱ्याच कंपन्यांना विकले जातायत, व्हरमाँट यांकी २०१९ मध्ये तसाच गेला. तिथे आधी कित्येक दशकं थांबायचा प्लॅन होता, नव्या मालकाने लगेच तोडायला घेतला, ते चांगलंच झालं. पण अशा व्यवहारात खर्च जितका कमी तितका कंपनीचा फायदा, आणि घाई नेमकी लिफ्टिंग, कटिंग आणि ट्रेनिंगमध्येच केली जाते हे मी साइटवर पाहिलंय. म्हणून अशा ठिकाणी इन्स्पेक्टरच्या फेऱ्या वाढायला हव्यात. बंद प्रकल्प म्हणून त्या कमी करायचा विचार मला अजिबात समजत नाही.

संपादकसाहेब, तुमच्याकडे मागणी एकच. कुठलाही अणुप्रकल्प बंद झाला की बातमी देता, तशी टाकीतून शेवटचं इंधन निघालं की द्या, फंडात किती शिल्लक आहे ते द्या, तपासणीचा रिपोर्ट आला की त्यातल्या त्रुटी साध्या मराठीत छापा आणि लायसन्स संपवायचा अर्ज येईल तेव्हा पहिल्या पानावर घ्या. वाचक वाचतील, निदान मी तरी नक्की वाचेन.

आपला,
एक नियमित वाचक