डॅनियल रे यांस, 'अदिओस अमिगोस'साठी

श्री. डॅनियल रे यांस,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकन पंक रॉक बँड रमोन्सचा चौदावा आणि शेवटचा स्टुडिओ अल्बम, 'अदिओस अमिगोस', १८ जुलै १९९५ रोजी बाजारात आला. त्याचे प्रोड्यूसर तुम्ही. बँड थांबणार हे अल्बमच्या नावातच लिहिलेलं होतं, आणि अशा वेळी निरोपसमारंभ मांडायचा मोह कुणालाही होतो. व्हायोलिनचा ताफा आणता आला असता, शेवटचं गाणं सात मिनिटं लांबवता आलं असतं. तुम्ही त्यातलं काही केलं नाही. तेरा गाणी, साधारण चौतीस मिनिटं, आणि गिटारचा तोच खडा आवाज. गिटार, बेस, ड्रम्स वाजवणारी आणि मिक्सिंगला बसणारी आम्ही मंडळी त्याबद्दल तुमचे मनापासून आभार मानतो.

हा आवाज ऐकायला सोपा आणि टेपवर उतरवायला फार कठीण आहे. बँडचा गिटारवादक जॉनी रमोन याचा उजवा हात घ्या. लय मिनिटाला १८० ठोके धरली आणि एका ठोक्याला दोन फटके, तर सेकंदाला सहा फटके होतात. अडीच मिनिटांच्या गाण्यात नऊशे. सगळे वरून खाली. हात वर येतो तो रिकामा. खाली-वर, खाली-वर वाजवलं तर मेहनत निम्मी होईल, पण वर येणारा फटका आधी बारीक तारांवर पडतो आणि हलका लागतो. मग जड-हलका, जड-हलका असा झोका तयार होतो आणि गाणं धावण्याऐवजी दुडकायला लागतं. सगळे फटके खाली असले की ढोलपथकात सगळ्यांचा टोला एकदम पडावा तसा प्रत्येक फटका सारख्या वजनाचा पडतो.

हे करताना बहुतेकांचा हात दुसऱ्या कडव्यालाच आखडतो, कारण जोर कोपरातून येत असतो. तो मनगटातून यायला हवा. पिक जाड हवं, एक मिलिमीटरच्या आसपास, आणि बोटांबाहेर त्याचं टोक तीन-चार मिलिमीटरच दिसावं. जास्त बाहेर राहिलं तर ते तारांत अडकतं आणि लय मागे पडते. आणखी एक गोष्ट फार जण विसरतात. तार जोरात मारली की क्षणभर तिचा सूर चढतो. हळूच छेडून ट्यूनरवर सुरात लावलेली गिटार प्रत्यक्ष वाजवताना म्हणूनच बेसूर लागते. जेवढ्या जोराने वाजवणार तेवढ्याच जोराने मारून तार लावायची, सहावी, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार थोडी जाड घ्यायची, आणि प्रत्येक टेकनंतर, म्हणजे एकेका ध्वनिमुद्रणानंतर, पुन्हा तपासायचं.

गेनचं, म्हणजे अँपमध्ये आवाज किती फाटू द्यायचा याचं गणितही वेगळं आहे. जॉनी बहुधा दोन तारांवर भागवत नसे, पूर्ण बार कॉर्ड धरत असे, म्हणजे एक बोट तारांवर आडवं दाबून सगळा स्वरसमूह. त्यात गंधार येतो, कॉर्ड मेजर की मायनर हे ठरवणारा स्वर. पाश्चात्त्य समस्वरांतला (सप्तकाचे बारा सारखे भाग करणाऱ्या पद्धतीतला) गंधार आपल्या तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (अशा एका भागाचे शंभर सेंट) चढा असतो. स्वच्छ आवाजात हे खपून जातं. अँपचा गेन वाढवला की तोच फरक घुरघुर बनून वर येतो आणि कॉर्ड मेजर आहे की मायनर हेही कळेनासं होतं. त्यामुळे हा आवाज हवा असेल तर गेन वाटतो त्यापेक्षा बराच कमी ठेवायचा आणि अँपचा व्हॉल्यूम वाढवायचा. उरलेला दणका हातातून येतो. नवे लोक नेमकं याच्या उलट करतात.

रमोन्सच्या १९७६ च्या पहिल्या अल्बममध्ये बेस डावीकडच्या स्पीकरमध्ये आणि गिटार उजवीकडच्या स्पीकरमध्ये होती. तो अल्बम सात दिवसांत, ६,४०० डॉलरमध्ये झाला होता. आज गिटारची भिंत दोन्ही बाजूंना उभी करायची तर तोच भाग दोनदा, वेगवेगळा वाजवावा लागतो. एकच टेक कॉपी करून थोडा सरकवला तर जाडी येत नाही, उलट काही कंपनं एकमेकांना खातात आणि आवाज पत्र्याच्या नळीतून आल्यासारखा होतो. दोन टेकमधले फटके वीस-तीस मिलिसेकंदांनी मागेपुढे झाले तरी कानाला दुहेरी ठोका ऐकू येतो. म्हणजे नऊशे फटके दोनदा, आणि दोन्ही वेळा त्याच जागी.

माइक लावतानाही अशीच गफलत होते. गिटारच्या एका स्पीकर-कॅबिनेटसमोर एक माइक जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर आणि दुसरा त्याच्या मागे ३४ सेंटिमीटरवर ठेवला, तर दुसऱ्याकडे आवाज एक मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही सारख्या पातळीवर मिसळले की ५०० हर्ट्झच्या जागी खड्डा पडतो, आणि गिटारचं अंग नेमकं तिथेच असतं. मिक्सिंग डेस्कवर कितीही बटणं फिरवा, तो खड्डा भरत नाही. दुसरा माइक बंद करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

बेसबद्दल थोडक्यात. तो गिटारच्याच मूळ स्वरांवर चालतो, म्हणून गिटारचं ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं काढून ती जागा बेसला द्यावी लागते. पिकचा टकटक आवाज ७०० ते १,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सापडतो. तो राखला तरच छोट्या स्पीकरवर बेस आहे हे कळतं.

तुमच्या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट मात्र तंत्राच्या पलीकडची आहे. बँडचा मूळ बेसवादक डी डी रमोन याने १९८९ मध्ये बँड सोडला होता. त्याची जागा सी. जे. रमोनने घेतली होती. तरीही या अल्बमवरची बरीच गाणी डी डीची आहेत, आणि त्यातली बहुतेक त्याने तुमच्यासोबत लिहिलेली. 'द क्रशर' तर त्याच्या १९८९ च्या रॅप अल्बमवरचं. तोही तुम्हीच प्रोड्यूस केला होता. रॅपसाठी लिहिलेलं गाणं बार कॉर्डवर बसवताना शब्दांची दाटी आड येते. ओळ कुठे तोडायची आणि श्वास कुठे घ्यायचा, हे नव्याने ठरवावं लागतं. ते सी. जे. च्या तोंडी बसलं. बँडबाहेर गेलेल्या माणसाचं लेखन बँडच्या शेवटच्या कामात अशा इतमामाने राहिलं, ते तुम्ही दोन्हीकडचा धागा धरून ठेवला म्हणून.

पहिल्याच गाण्यात अमेरिकन गायक-गीतकार टॉम वेट्सचे शब्द बँडचा गायक जोई रमोन याच्या तोंडी आले: मोठं व्हायचं नाही. जोई तेव्हा ४४ वर्षांचा होता. त्याचा आवाज तुम्ही गिटारच्या भिंतीपुढे उभा ठेवला, आत चिणला नाही. त्याच्या मृत्यूनंतर २००२ मध्ये आलेला त्याचा एकल अल्बमही तुम्हीच पूर्णत्वाला नेला, त्याचेही आभार याच पत्रात मानतो.

आणि ते तेरावं गाणं, बर्लिनचं. डी डीचं बालपण जर्मनीत गेलेलं. त्या गाण्यातल्या जर्मन ओळी त्याने टेलिफोनवरून म्हटल्या. साध्या फोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. छातीतला घुमार कापला जातो, श्वासाची झुळूक कापली जाते. उरतो तो मधला पट्टा, आणि तिथे आधीच दोन गिटार दाटीवाटीने बसलेल्या असतात. अशा आवाजाला खालून-वरून भरायला गेलं तर फक्त खरखर वाढते. त्या ओळींपुरती गिटार हजार-दोन हजार हर्ट्झच्या आसपास थोडी खाली दाबली, तर आवाज आपोआप पुढे येतो.

डी डी स्टुडिओत उभा राहून गायला असता तर आवाज भरीव आला असता. पण दूर गेलेला माणूस दूरवरूनच बोलतोय हे त्या बारीक, चिरक्या आवाजात जसं कळतं, तसं भरीव आवाजात कळलं नसतं. रमोन्सच्या शेवटच्या अल्बमच्या शेवटच्या गाण्यात फोनच्या पलीकडून तो आहे. त्याला तिथे जागा दिलीत, त्याबद्दल आभार.

आपले,
वाजवणारे आणि मिक्स करणारे