विंच सुटली, मनापासून आभार

आमच्या एम३५ए२ ट्रकची पुढची विंच, म्हणजे तारदोर गुंडाळून जड वस्तू ओढणारं यंत्र, गंजून अडकली होती. ती सुटावी म्हणून ज्यांनी आपलं काम समजून मेहनत घेतली, त्या सगळ्यांचे जाहीर आभार. नावं लिहू नका असं तुम्हीच बजावलंत, म्हणून लिहीत नाही.

अमेरिकन लष्कराच्या या अडीच टनी ट्रकची विंच १०,००० पौंड, म्हणजे साधारण साडेचार टन ओढते. पण दोर गुंडाळायचा आमचा ड्रम शाफ्टवर गंजून बसला होता, क्लचचा दांडा जागचा हलेना. घण घाला, असं कुणीही सांगतं. तुम्ही सांगितलं नाहीत, नाहीतर विंचचं बिडाचं आवरण तडकलं असतं. रोज येऊन गंजात पातळ तेल सोडणारे काका, लाकडी ठोकळा टेकवून हलके ठोके देणारा तरुण... कडेने तांबूस तेल झिरपलं आणि दांडा खट्कन सरकला!

निवृत्त लष्करी मेकॅनिक आजोबांचे विशेष आभार. शिअर पिनच्या जागी कडक बोल्ट कधीच घालायचा नाही. जादा ताण आला की ती मऊ पिन तुटते, म्हणूनच गिअर आणि तारदोर वाचतात, हे त्यांनी तुटकी पिन हातात देऊन समजावलं. ड्रमवर चार-पाच वेढे राहू द्यायचे, चामड्याचे हातमोजे घालायचे, ताणलेल्या दोरावर जाड घोंगडं टाकायचं आणि तो ओलांडायचा नाही म्हणजे नाही.

पहिल्यांदा दोर ताणला तेव्हा मुलांना लांब नेणाऱ्या शेजारच्या ताईंचेही आभार. शनिवारी वर्म गिअरचं तेल बदलतोय. सगळे जेवायलाच या.